‘व्हर्नाक’ म्हणजे काय गं?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मॅगझिनच्या मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. पहिलीपासून दहावीपर्यंत सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण तो मार्कांपुरता. वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड! त्यामुळे आजही कोणी ‘एकोणसत्तर’ म्हणालं की मी आधी मनातल्या मनात बोटं मोजते आणि मगच सिक्स्टी नाईनपर्यंत पोचते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात ही विनंती.

आता मुद्द्यावर येते. हा लेख एका इंग्रजी विशेषणाबद्दल आहे. ते विशेषण आपल्या कॉलेजात रोज कुठे ना कुठे ऐकू येतं. पूर्ण शब्द आहे ‘व्हर्नाक्युलर’, आणि आपण लाडाने (की तुच्छतेने?) त्याचं केलंय ‘व्हर्नाक’. “तो व्हर्नाक आहे रे, त्याला जीडीत नको घेऊ.” “ती व्हर्नाक पब्लिक मागच्या बाकावर बसते.” मीसुद्धा हा शब्द दोन वर्षं बिनधास्त वापरला.

मागच्या सेमिस्टरला काय झालं ते सांगते. माझी रूममेट सेनगाव तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. स्ट्रक्चर्सच्या पेपरच्या आदल्या रात्री मला बेंडिंग मोमेंट काही केल्या कळेना. तेव्हा ती म्हणाली, “ओढ्यावर आडवा टाकलेला ओंडका बघितलास का कधी? मधोमध उभी राहिलीस की तो वाकतो. खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून सळई खाली. आता छज्जा घे. तो एकाच टोकाला धरलेला, म्हणून तिथं ताण वरच्या बाजूला. मग सळई कुठं?” मी म्हटलं, “वर!” जे तीन महिने पुस्तकातून कळलं नव्हतं ते दहा मिनिटांत कळलं. त्या पेपरमध्ये मी पास झाले ती तिच्यामुळे.

पुढच्याच महिन्यात मिनी प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन होतं. मेसमध्ये ग्रुपची चर्चा चालली होती आणि मी सहज बोलून गेले, “प्रेझेंटेशन मी देते ना, ती व्हर्नाक आहे, अडकेल.” ती पाणी घेऊन माझ्या मागेच उभी होती. तिथे ती काही बोलली नाही. रात्री लाईट बंद केल्यावर तिने शांतपणे विचारलं, “व्हर्नाक म्हणजे काय गं?”

मी म्हटलं, “काही नाही गं, मराठी मीडियम.”

“मग मराठी मीडियम म्हण ना. तो शब्द शिवी दिल्यासारखा का म्हणायलीस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन मी तो शब्द शोधायला बसले. एक शब्द बघायचा होता आणि हातात दोन हजार वर्षांचा इतिहास आला. तो तुमच्यापुढे ठेवते.

जन्म : रोमन वाड्यातल्या मागच्या खोलीत

‘व्हर्नाक्युलर’चं मूळ लॅटिनमध्ये आहे. प्राचीन रोममध्ये गुलाम निरनिराळ्या वाटांनी यायचे. काही युद्धात पकडून आणलेले, काही बाजारात विकत घेतलेले. आणि काही मालकाच्या घरातच गुलाम आईच्या पोटी जन्मलेले. रोमन कायदा असा की आई गुलाम असेल तर मूलही गुलाम, मग बाप कोणीही असो. अशा घरातच जन्मलेल्या गुलामाला लॅटिनमध्ये ‘वेर्ना’ म्हणत. त्यावरून विशेषण झालं ‘वेर्नाकुलुस’, म्हणजे घरात जन्मलेलं, घरचं, इथलंच.

हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी माझ्या मैत्रिणीला काय म्हणत होते? घरात जन्मलेला गुलाम! लगेच उठून रूमवर जावं आणि तिला सांगावं की तू म्हणालीस ते खरं, ही शिवीच आहे, असं वाटलं. पण पुढे वाचत गेले तशी गोष्ट इतकी सरळ राहिली नाही.

कारण रोमन लोकांनी स्वतःच या शब्दाचा अर्थ पार बदलून टाकला होता. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वॅरो नावाचा विद्वान होऊन गेला. लॅटिन भाषेवर लिहिताना तो म्हणतो की पाण्यातल्या प्राण्यांची नावं काही ‘वेर्नाकुलुस’ आहेत आणि काही परकी आहेत. इथे गुलामीचा मागमूसही नाही. आपल्या मातीतला शब्द, एवढाच अर्थ.

त्याच काळातला प्रसिद्ध वक्ता सिसेरो. त्याचा ‘ब्रूटस’ नावाचा ग्रंथ इसवी सनापूर्वी ४६ सालचा. त्यात तो रोमच्या अस्सल माणसाच्या बोलण्यात एक वेगळीच ‘वेर्नाकुलुस’ चव असते असं म्हणतो. म्हणजे घरची चव! ती बाहेरच्याला कितीही शिकून येत नाही. याच ठिकाणी तो एक मजेदार किस्सा सांगतो. थिओफ्रास्टस हा ॲरिस्टॉटलचा शिष्य, मोठा पंडित. मूळचा लेस्बॉस बेटावरचा, पण अथेन्समध्ये कित्येक वर्षं राहिलेला आणि उत्तम बोलणारा. तो बाजारात एका म्हातारीला वस्तूचा भाव विचारतो. ती भाव सांगते आणि वर म्हणते, “पाहुणे, याहून कमी नाही व्हायचं.” पंडितजी नाराज! एवढी वर्षं राहून, एवढं छान बोलूनही म्हातारीने एका वाक्यात ओळखलं की हा इथला नाही.

हा किस्सा वाचून मी हसले आणि मग गप्प झाले. कारण मागच्या दिवाळीत हेच माझ्याबाबतीत घडलं होतं. आमचं मूळ गाव हिंगोली जिल्ह्यातच, कळमनुरी तालुक्यात. आजीबरोबर बाजारात गेले होते. मी विचारलं, “भेंडी काय भाव आहे?” भाजीवाल्या मावशींनी भाव सांगितला आणि म्हणाल्या, “बाहेरगावच्या दिसायल्या ताई!” आजी म्हणाली, “नाही हो, नात आहे माझी.” मावशींना ते काही पटलं नाही. माझ्या आजोबांच्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर मी परकी ठरले होते. सिसेरोच्या हिशेबाने बघितलं तर चव माझ्या रूममेटच्या बोलण्यात आहे. माझ्या बोलण्यात ती नाही.

तारुण्य : इंग्रजी स्वतःच ‘व्हर्नाक’ होती!

इंग्रजीत हा शब्द आला सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. अर्थ होता लोकांची रोजची बोलीभाषा, म्हणजे लॅटिनच्या उलट. तेव्हा युरोपात विद्वत्तेची भाषा लॅटिन होती. मग इंग्लंडमध्ये ‘व्हर्नाक्युलर’ भाषा कोणती? अर्थात इंग्रजी! आज आपण जिच्या जिवावर दुसऱ्याला व्हर्नाक म्हणतो ती भाषा एकेकाळी स्वतः व्हर्नाक होती.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घ्या. ज्या न्यूटनने आपल्याला पहिल्या वर्षी मेकॅनिक्समध्ये रडवलं, त्याने गतीचे नियम सांगणारा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध केला. कोणत्या भाषेत? लॅटिनमध्ये. पुढे १७०४ साली प्रकाशावरचा ‘ऑप्टिक्स’ आला तो मात्र इंग्रजीत. त्याच्याही आधी, १६३२ साली, गॅलिलिओने पृथ्वी फिरते की सूर्य या वादावरचा आपला ग्रंथ लॅटिनऐवजी इटालियनमध्ये लिहिला. सामान्य शिकलेल्या माणसालाही तो वाचता यावा म्हणून. इंग्लंडच्या कोर्टांत तर दप्तर लॅटिनमध्ये ठेवायची पद्धत होती. ती बंद होऊन कामकाज इंग्रजीत आलं १७३३ साली. म्हणजे लंडनचा साधा माणूस स्वतःच्या देशातल्या कोर्टात उभा राहायचा आणि त्याच्या खटल्याच्या नोंदी त्याला वाचता यायच्या नाहीत!

आणखी मागे गेलं तर दान्ते भेटतो. इटलीचा महाकवी, जन्म १२६५. त्याने लोकभाषेची थोरवी सांगणारा एक निबंध लिहायला घेतला होता. तो म्हणतो की लोकभाषा म्हणजे कुठलेही नियम न शिकता, दाईचं अनुकरण करत मूल जी उचलतं ती भाषा, आणि दोन्हींत तीच जास्त थोर. गंमत म्हणजे हा निबंध त्याने लिहिला लॅटिनमध्ये! विद्वानांना पटवायचं तर विद्वानांच्या भाषेत बोलावं लागतं, हे तेव्हाही होतंच.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. दान्ते पाच वर्षांचा होता तेव्हा, म्हणजे परंपरेप्रमाणे १२७० साली, संत नामदेवांचा जन्म झाला. हिंगोलीजवळचं नरसी हे त्यांचं जन्मगाव मानलं जातं, म्हणून तर त्या गावाला नरसी नामदेव म्हणतात. त्यांच्याच काळात, १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका मराठीत सांगितली. शास्त्राची भाषा संस्कृत असताना! म्हणजे इटलीत आणि आपल्याकडे एकाच सुमारास माणसं एकच प्रश्न सोडवत होती. घरच्या भाषेत मोठी गोष्ट सांगता येते का? नामदेव तर पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या घुमान या गावात त्यांचं स्थान आहे आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. नरसीहून घुमान किती लांब आहे ते नकाशावर जरूर बघा. घरची भाषा घरातच राहते असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

बदनामी : हा शब्द शिवी कधी झाला?

मग घोटाळा झाला कुठे? तो झाला भारतात.

इंग्रजांनी हा शब्द सोबत आणला आणि इथल्या सगळ्या भाषांना लावला. मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, सगळ्या ‘व्हर्नाक्युलर’. फक्त स्वतःच्या भाषेला मात्र लावला नाही. त्यामुळे ‘घरची भाषा’ हा अर्थ हळूहळू मागे पडला आणि ‘राज्यकर्त्यांची नाही ती भाषा’ असा अर्थ पुढे आला. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने आपलं प्रसिद्ध टिपण सरकारला दिलं. इथल्या बोलींमध्ये शास्त्र नाही, म्हणून वरचं शिक्षण इंग्रजीतून द्यावं, असं त्याचं म्हणणं. हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण त्याच टिपणात तो पुढे असंही म्हणतो की इंग्रजी शिकलेल्या वर्गाने मग शास्त्रातले शब्द आणून या देशी भाषा समृद्ध कराव्यात. हा दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरलो. तो ‘वर्ग’ म्हणजे कोण? आपणच की! मेकॉलेने सांगितलेलं पहिलं काम आपण केलं आणि दुसरं ऑप्शनला टाकलं.

१८७८ साली तर या विशेषणाच्या नावाचा कायदाच आला, ‘व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट’. लॉर्ड लिटन तेव्हा व्हाइसरॉय होते. देशी भाषेतल्या वर्तमानपत्राच्या छापणाऱ्याकडून सरकार जामीन मागू शकत होतं, छापखाना जप्त करू शकत होतं आणि त्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. इंग्रजी वर्तमानपत्रांना मात्र हा कायदा लागू नव्हता. त्यामुळे बंगालमधल्या ‘अमृतबझार पत्रिके’ने रातोरात इंग्रजी रूप घेतलं. पुढे लॉर्ड रिपन यांच्या काळात हा कायदा रद्द झाला. पण विचार करा, ज्या भाषा ‘मागास’ म्हणायच्या त्यांच्याच वर्तमानपत्रांची सरकारला एवढी भीती का वाटावी? कारण लोक तीच वाचत होते.

आणि आता आपल्या कामाची गोष्ट. इंजिनिअरिंग आणि मराठीचं नातं आजकालचं आहे असं मला वाटायचं. साफ चूक! १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली अभियंते तयार करणारी एक संस्था होती. तिथलं शिक्षण मराठी आणि गुजरातीतून चालायचं. त्यासाठी जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तकं मराठीत आणली. पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज ज्या वर्गातून वाढलं तो वर्ग सुरू झाला १८५४ साली, म्हणजे मुंबईतला हा प्रयोग त्याच्याही आधीचा. पुढे १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने, तर जर्व्हिस आणि आपले नाना शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने. एक इंग्रज लष्करी अधिकारी मराठीसाठी भांडत होता! शेवटी वरच्या शिक्षणात जिंकली इंग्रजी. खाली मराठी शाळा राहिल्या आणि सातवीच्या परीक्षेचं नाव पडलं ‘व्हर्नाक्युलर फायनल’. जुन्या मुंबई इलाख्यात ती पास झालेला माणूस मास्तर व्हायचा आणि गावात त्याला मान असायचा. म्हणजे एके काळी ‘मी व्हर्नाक्युलर आहे’ हे लोक छाती पुढे काढून सांगत होते.

आमच्या हिंगोलीची गोष्ट आणखी वेगळी. आम्ही मुंबई इलाख्यात नव्हतोच, आम्ही निजामाच्या राज्यात. तिथे सरकारी भाषा उर्दू. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. १९२९ साली त्याचं इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं, तेही उर्दूतूनच शिकवायचं. भारतीय भाषेत इंजिनिअरिंग शिकवता येतं हे त्यांनी करून दाखवलं. खरंच मोठं काम. पण हिंगोलीच्या मराठी बोलणाऱ्या पोराला त्याचा उपयोग काय? घरी मराठी, कचेरीत उर्दू. माझ्या पणजोबांची सही जुन्या कागदांवर उर्दूत आहे. घरातल्या कोणालाच ती आता वाचता येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. पणजोबा उर्दूत शिकले, आजोबा मराठीत, मी इंग्रजीत. तीन पिढ्या आणि तीन भाषा! घरात बोलायची भाषा मात्र तिघांची एकच.

दोष मुळाचा की तोंडाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येते. शब्दाचं मूळ गुलामीत आहे म्हणून शब्द टाकून द्यायचा का?

तसं करायला गेलं तर फार शब्द टाकावे लागतील. ‘फॅमिली’ हा किती गोड शब्द! तो आला ‘फामुलुस’ या लॅटिन शब्दावरून, ज्याचा अर्थ नोकर किंवा गुलाम. घरातल्या सगळ्या गुलामांचा जथा तो ‘फामिलिया’. ‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला कारेल चापेकच्या १९२० सालच्या चेक नाटकाने. त्याचं मूळ ‘रोबोता’, म्हणजे वेठबिगार. म्हणून रोबोटिक्स क्लब बंद करायचा का? ‘नाइस’ हे विशेषण तर आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो. ते लॅटिनमधल्या ‘नेस्कियुस’वरून आलंय आणि त्याचा अर्थ अडाणी! उलट ‘सिली’ म्हणजे आज मूर्ख, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता सुखी, धन्य. आपल्याकडेही हेच. ‘साहस’ म्हणजे जुन्या धर्मशास्त्रात बळजबरीचा गुन्हा. आज साहसासाठी पदक मिळतं.

म्हणजे मुळावरून शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही. तो ठरतो वापरावरून. पण म्हणून मूळ निरुपयोगी आहे असंही नाही. ई अँड टीसीवाल्यांना मास्टर-स्लेव्ह फ्लिपफ्लॉप आठवत असेल. आपण सगळ्यांनी तो डोळे मिटून पाठ केला. पण बाहेर जगात लोक या नावांचा पुन्हा विचार करायला लागले. पायथॉनच्या कोडमधून अशा संज्ञा २०१८ साली बऱ्याच ठिकाणी काढल्या गेल्या आणि २०२० साली गिटहबने नव्या रिपॉझिटरीच्या मुख्य ब्रँचचं ‘मास्टर’ हे नाव बदलून ‘मेन’ केलं. सर्किट तेच, कोड तोच. पण ऐकणाऱ्याला काय वाटतं याचा कोणीतरी विचार केला.

आणि गंमत बघा, आमच्या सिव्हिलच्या पुस्तकात हेच ‘व्हर्नाक्युलर’ विशेषण मानाचं आहे! ‘व्हर्नाक्युलर आर्किटेक्चर’ म्हणजे तिथल्याच मातीतून, तिथल्याच हवामानाला धरून, तिथल्याच लोकांनी बांधलेली घरं. १९६४ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कलासंग्रहालयात बर्नार्ड रुडोफ्स्कीने वास्तुविशारदांशिवाय बांधलेल्या अशा घरांचं प्रदर्शन भरवलं आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. आपल्या मराठवाड्यातलं माळवदाचं घर हे त्यातलंच. जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर. एप्रिलच्या उन्हात आत शिरलं की गार वाटतं. मात्र इथेही डोळे मिटून कौतुक नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदं कोसळली आणि हजारो माणसं गेली. म्हणजे घरचं आहे म्हणून सगळं चांगलं नसतं आणि घरचं आहे म्हणून टाकाऊही नसतं. ते तपासावं लागतं, सुधारावं लागतं. भाषेचंही तसंच. मराठीत स्ट्रक्चर्स शिकवायचं तर नुसता अभिमान पुरणार नाही, चांगली पुस्तकं लागतील, नेमके शब्द लागतील.

मराठीत या विशेषणाला सगळ्यात जवळचा शब्द कोणता, असं मी रूममेटला विचारलं. ती लगेच म्हणाली, “गावठी.” आणि मग हसत म्हणाली, “गावरान म्हटलं की अंडं महाग मिळतं. गावठी म्हटलं की माणूस स्वस्त होतो.” याहून चांगला भाषाशास्त्राचा धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. अर्थ एकच, पण एक बाजारात चढ्या भावाने जातो आणि दुसरा होस्टेलमध्ये माणसाची मान खाली घालायला लावतो.

मग करायचं काय?

इंग्रजी सोडा असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर ते ढोंग होईल, कारण मीच ती सोडणार नाही. कोड, कॅम्पस इंटरव्ह्यू, रिसर्च पेपर सगळं इंग्रजीत आहे आणि ती आलीच पाहिजे. २०२१ पासून एआयसीटीईने भारतीय भाषांमधून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरूही झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. चांगलंच आहे. पण दर्जा दिल्लीत मिळाला तरी मेसच्या टेबलावर तो आपणच द्यायचा असतो.

माझे साधे तीन प्रस्ताव आहेत. एक, कोणाला मराठी माध्यमाचा म्हणायचं असेल तर ‘मराठी माध्यमाचा’ म्हणा, वाक्य तेवढंच लांब होतं. दोन, कॉन्सेप्ट मराठीत समजून घ्यायला आणि इंग्रजीत लिहायला शिकू, दोघांची जोडी लावू. एकाला इंग्रजी येतं, दुसऱ्याला विषय येतो. आमच्या रूममध्ये हे आता रोज चालतं. तीन, ज्याला विषय कळलाय त्याला बोलू द्या, अडखळला तरी.

प्रेझेंटेशनचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. ते तिने दिलं. दोनदा अडखळली. एकदा ‘डिफ्लेक्शन’ म्हणायच्या जागी ‘झोळ’ म्हणाली आणि वर्गात काहीजण हसले. त्या हसणाऱ्यांत पूर्वी मीही असायचे. मग बाहेरून आलेल्या एक्झामिनरनी झोळ किती चालतो असं विचारलं. तिने आकडा सांगितला आणि तो का, तेही सांगितलं. तो प्रश्न मला आला असता तर माझं अस्खलित इंग्रजी तिथे काही कामाला आलं नसतं.

हा लेख छापायला देण्याआधी मी तिला वाचायला दिला. तिने लाल पेनने सदतीस चुका काढल्या (सदतीस म्हणजे थर्टी सेव्हन, मी विचारून घेतलं). बहुतेक सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. एका शब्दाभोवती मात्र तिने मोठं वर्तुळ काढलं होतं. मेसमधला प्रसंग लिहिताना मी तिला ‘बिचारी’ म्हटलं होतं.

“हा काढ,” ती म्हणाली. “व्हर्नाक परवडलं.”

मी काढला.